मुद्दा आणि दाखला

१

गेल्या आषाढीला येथील मंडळात भजन झाले आणि भजनानंतर तीन भाषणे झाली. वक्ते तिघेही आपल्यासारखेच, नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर येऊन स्थिरावलेले. एक रेल्वेतले, एक बँकेतले आणि एक हिशेबतपासणीच्या खात्यातले. तिघांच्याही भाषणांत इरावतीबाई कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखातील एकच वाक्य आले. पंढरीच्या वाटेला लागणाऱ्या माणसांवरून महाराष्ट्राची ओळख ठरविणारे ते सुप्रसिद्ध वाक्य वाचकांच्या परिचयाचे असेलच. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या आणि तिन्ही वेळा प्रस्तुत लेखकानेही त्या वाजविल्या. परप्रांतात राहणाऱ्याला असे एखादे वाक्य हवेच असते. ते खिशात ठेवता येते, आणि शेजारच्या बंगाली वा तामीळ गृहस्थाने ‘तुमचा महाराष्ट्र म्हणजे काय हो?’ असे विचारले, की बाहेर काढून दाखविता येते.

रात्री घरी परतल्यावर ‘परिपूर्ती’ हा संग्रह काढून तो लेख पुन्हा वाचला. वाक्य लेखात आहे, यात शंका नाही. परंतु लेख त्या वाक्यासाठी लिहिलेला आहे काय? वाचन संपले तेव्हा माझी अशी खात्री झाली, की वक्त्यांनी आणि आम्हा टाळ्या वाजविणाऱ्यांनी मिळून लेखातील एक तपशील उचलला आणि त्यालाच लेखाचे तात्पर्य करून टाकले. लेखिकेला जे विचारावयाचे होते, ते तसेच मागे राहिले.

वैचारिक गद्य वाचताना मुख्य मुद्दा कोणता आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले दाखले कोणते, हे ओळखणे ही वरवर पाहता शाळकरी बाब वाटते. माझ्या मते ती शाळकरी नाही. आपल्या वाचनातील बरेचसे दोष याच एका ठिकाणी जन्म घेतात, आणि त्यांची किंमत केवळ वाङ्मयाला द्यावी लागते असेही नाही. या लेखात तेवढेच दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२

उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारण्याची पद्धत आपण सर्वांनी सोसलेली आहे. ‘उताऱ्याला योग्य शीर्षक द्या’, ‘उताऱ्याचा सारांश एक तृतीयांशात लिहा’, हे प्रश्न शाळेत सुरू होतात आणि शाळेबरोबर संपत नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेची जी अनिवार्य प्रश्नपत्रिका असते, तीतही आकलन आणि सारांशलेखन आहेच. प्रश्न वाईट नाहीत. परंतु ते सोडविण्याच्या ज्या युक्त्या मुलांना शिकविल्या जातात, त्या मात्र घातक आहेत.

पहिली युक्ती अशी, की परिच्छेदाचे पहिले वाक्य म्हणजे त्याचा मुख्य विचार. ज्या लेखकाला आपले प्रतिपाद्य आरंभीच सांगून मग त्याचे समर्थन करण्याची सवय आहे, त्याच्या बाबतीत ही युक्ती लागू पडते. परंतु मराठीतील कितीतरी निबंधकार आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतात, तेही पुष्कळदा प्रतिपक्षाहून अधिक ठसक्याने, आणि मग ते खोडून काढतात. आपल्या शास्त्रीय ग्रंथांतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची घडण निबंधवाङ्मयातही उतरली आहे. अशा ठिकाणी पहिले वाक्य उचलणारा विद्यार्थी लेखकाच्या तोंडी नेमके त्याच्या शत्रूचे मत घालतो.

दुसरी युक्ती सुभाषिते शोधण्याची. जे वाक्य गोळीबंद, जे फळ्यावर लिहिता येईल, तेच महत्त्वाचे समजावयाचे. वाचनालयातील कोणतेही जुने निबंधाचे पुस्तक उघडून पाहावे. पेन्सिलीच्या खुणा नेमक्या अशाच वाक्यांखाली आढळतील. युक्तिवादाचा सांधा ज्या ‘म्हणून’, ‘तथापि’, ‘एवढ्यावरून’ या शब्दांवर फिरतो, त्यांच्याखाली रेघ सहसा नसते. वाक्य गोळीबंद असणे हा शैलीचा गुण झाला; युक्तिवादातील त्याचे स्थान त्यावरून ठरत नाही.

तिसरी युक्ती सारांशाची. प्रत्येक वाक्यातून थोडेथोडे छाटावयाचे आणि उरलेले जोडावयाचे. यात काही सुटत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. परंतु दहा वाक्यांचे दहा तुकडे केले म्हणजे त्यांतले कोणते कोणासाठी उभे आहे हे कळले, असे होत नाही. घराच्या भिंती, खांब आणि तुळया सारख्याच प्रमाणात तासून ठेवल्या, तर घर लहान होत नाही, ते पडते.

३

आश्चर्य असे, की या बाबतीत आपल्याच परंपरेत फार जुने आणि फार काटेकोर साधन उपलब्ध आहे. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, याची गमके मीमांसकांनी सांगून ठेविली आहेत. उपक्रम व उपसंहार मिळून एक, आणि मग अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती, अशी ती परंपरेने सहा मानतात. साध्या भाषेत सांगावयाचे तर असे: ग्रंथ कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, त्यात पुन्हा पुन्हा काय येते, अन्यत्र न मिळणारे असे त्यात काय आहे, त्याचा परिणाम काय सांगितला आहे, स्तुतीसाठी किंवा प्रसंगाने आलेला भाग कोणता, आणि प्रतिपाद्य सिद्ध करणारी प्रमाणे कोणती.

मराठी वाचकाला ही कसोटी परिचित करून दिली ती लोकमान्य टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ आपण तत्त्वज्ञानाचा म्हणून वाचतो, किंवा राष्ट्रीय चळवळीचा म्हणून त्याला नमस्कार करतो. परंतु ‘कर्मयोगशास्त्र’ हे दुसरे नाव धारण करणारा हा ग्रंथ आणखी एका अर्थाने वाचण्यासारखा आहे. एका ग्रंथाचा मुख्य मुद्दा कसा काढावा, याचे मराठीतील ते सर्वांत विस्तृत प्रात्यक्षिक आहे. ‘विषयप्रवेश’ या पहिल्याच प्रकरणात टिळक मीमांसकांची ही गमके पुढे ठेवतात आणि मग गीतेला ती लावतात. आरंभी अर्जुन शस्त्र खाली ठेवतो, शेवटी संदेह फिटून तो सांगितलेले करावयास सिद्ध होतो, आणि मध्यंतरी युद्धास उभा राहा असा उपदेश वारंवार येतो. तेव्हा गीतेचे तात्पर्य कर्मत्यागात असणे शक्य नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. गीतेत ज्ञान आणि भक्ती नाही, असे ते म्हणत नाहीत. ती आहेत, पण कशासाठी आहेत, हा त्यांचा प्रश्न आहे. पुढे कांट, ग्रीन, मिल, स्पेन्सर यांची मते ग्रंथात येतात, तीही पांडित्याच्या प्रदर्शनासाठी येत नाहीत. कर्माकर्माचा निर्णय कोणत्या पायावर करावा, या एका प्रश्नाशी त्यांची गाठ घातलेली आहे.

या सहा गमकांपैकी शेवटची दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वाटतात. अर्थवाद आणि उपपत्ती यांत भेद करावयाचा, म्हणजे सर्व तपशील एकाच जातीचा नसतो हे मान्य करावयाचे. एखादा तपशील मुद्दा सिद्ध करतो. तो काढला तर मुद्दा लंगडा होतो. दुसरा तपशील मुद्दा सजवितो, किंवा वाचकाला क्षणभर विसावा देतो. तो काढला तर लेख रुक्ष होईल, पण म्हणणे तसेच राहील. आपण ‘दाखला’ हा शब्द दोन्हींसाठी सरसकट वापरतो. वस्तुतः पहिला तेवढाच दाखला होय.

परंतु येथे एक सावधगिरी घ्यावयास हवी. ही गमके टिळकांची एकट्याची मिरास नव्हती. अद्वैतमताच्या सदानंदांनी ‘वेदान्तसारा’त हीच सहा लिंगे सांगितली आहेत आणि छांदोग्याच्या सहाव्या अध्यायाला ती लावून दाखविली आहेत. म्हणजे कर्मयोग हे ज्यांना गीतेचे तात्पर्य वाटले नाही, त्या परंपरेच्या हातीही हाच तराजू होता. ‘गीतारहस्या’वर वाद झाले, ते कसोटी माहीत नव्हती म्हणून झाले नाहीत, कोणत्या पारड्यात काय घालावयाचे, यावर झाले. यावरून कसोटी निरुपयोगी ठरते असे मला वाटत नाही. तिचे काम निकाल देण्याचे नसून वाचकाला जबाबदार करण्याचे आहे. ‘हा मुख्य मुद्दा’ असे म्हणणे हे वाचकाचे विधान आहे, आणि कोणत्याही विधानाप्रमाणे त्याने त्याचे पुरावे त्याच मजकुरातून दाखविले पाहिजेत. मुद्दा उताऱ्यात नाण्यासारखा पडलेला नसतो, की जो वाकेल त्याला तो मिळावा.

४

आता त्या आषाढीच्या वाक्याकडे वळू. ‘वाटचाल’मध्ये इरावतीबाई दिंडीबरोबर पंढरीची वाट चालतात. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या हे खरे; पण येथे त्या वही घेऊन कडेला उभ्या नाहीत, दिंडीतल्या बायकांबरोबर चालत आहेत. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आलेली आहेत, अभंग सर्वांच्या तोंडी आहेत, ऊनपाऊस सर्वांना सारखाच आहे. या अनुभवातून महाराष्ट्राविषयीचे ते वाक्य सहजपणे उमलते. इतक्यापुरते आमचे वक्ते बरोबर होते.

परंतु लेखात पुन्हा पुन्हा काय येते ते पाहावे. ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या बायका वाटेने बरोबर चालतात, बरोबर गातात, आणि मुक्कामावर जेवणाची वेळ झाली की वेगळ्या होतात. हे वेगळेपण लेखिकेला सलत राहते. भक्तीतली एकी चुलीपाशी आणि पानापाशी येऊन का थांबते, हा प्रश्न त्यांना टाळता येत नाही. त्या स्वतः पलीकडच्या बायकांत जाऊन जेवतात, आणि त्यानंतर त्या बायका आपल्याशी अधिक मोकळेपणाने वागू लागल्या, असे त्यांना जाणवते. अभ्यास आणि फल ही दोन्ही गमके येथे एकाच दिशेला बोट दाखवितात. माझ्या वाचनाप्रमाणे त्या लेखाचा मुद्दा हा आहे.

मग महाराष्ट्राविषयीच्या त्या वाक्याचे काय? ते सजावटीचे ठरते काय? मुळीच नाही, आणि येथेच मुद्दा व दाखला यांचे नाते नीट पाहावयास हवे. ते वाक्य प्रश्नाला वजन देते. वारी हाच जर महाराष्ट्र असेल, तर वारीतल्या त्या वेगळ्या मांडलेल्या चुलीही महाराष्ट्रच होत. वाक्य एकटे उचलले की तो अभिमानाचा उद्गार होतो. लेखात ठेवले की तो लेखिकेने स्वतःच्या समाजाला दिलेला कबुलीजबाब होतो. आम्ही मंडळात पहिला अर्थ घेतला आणि टाळ्या वाजविल्या. प्रसाद सर्वांनी एकाच पंगतीत घेतला, हे सांगावयास हवे. त्याबद्दल मला समाधानच आहे. परंतु ती पंगत आणि तो लेख यांचा काही संबंध आहे, हे तिघांपैकी एकाही वक्त्याला सुचले नाही. मलाही सुचले नव्हते.

कोणी म्हणेल, की तो लेख मुख्यतः ऐक्याचाच आहे आणि जेवणाचा प्रसंग हा त्यातील एक व्यत्यय. असे वाचन अशक्य नाही. ज्याला ते करावयाचे असेल त्याने करावे. पण लेखिका पुन्हा पुन्हा त्या व्यत्ययाकडे का वळते, याचा उलगडा त्याने केला पाहिजे. ते गोळीबंद वाक्य तेवढे म्हणून दाखविल्याने हा उलगडा होत नाही.

५

याच्या नेमका उलट अपघात जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या बाबतीत होतो. तेथे वाक्य उचलले जात नाही, चित्र उचलले जाते. चौथ्या प्रकरणात शेतकऱ्याच्या घरादाराचे, गोठ्याचे, त्याच्या अंगावरच्या वस्त्रांचे आणि पानातल्या अन्नाचे जे बारीक वर्णन आहे, ते वाचून ‘काय हुबेहूब शब्दचित्र!’ असे उद्गार कित्येक वाचक काढतात. करुणा उत्पन्न होते, आणि ती उत्पन्न झाली की वाचन संपते.

१८८३ साली पूर्ण झालेल्या या ग्रंथाची मांडणी मात्र शब्दचित्रकाराची नाही, फिर्यादीची आहे. पाच प्रकरणांपैकी पहिल्यात धर्मविधींच्या निमित्ताने शेतकरी जन्मापासून मरणापर्यंत कसा नाडला जातो ते आहे. दुसऱ्यात गोरे अधिकारी ऐषआरामात गढलेले आणि कारभार कनिष्ठ कामगारांच्या हाती गेलेला, हा आरोप आहे. तिसऱ्यात इतिहास आणि सरकारी करांचा बोजा. चौथ्यात शेतकऱ्यासह शेतीची तत्कालीन स्थिती, आणि पाचव्यात उपाय. म्हणजे घराचे ते वर्णन आरोपांनंतर आणि मागण्यांच्या आधी येते. खटल्यात पुराव्याची जी जागा, तीच त्याची जागा आहे. तेथील फाटके कापड हे दारिद्र्याचे काव्य नाही. ते न्यायाधीशापुढे मांडलेली वस्तू आहे.

आणि पाचव्या प्रकरणातील उपाय किती नेमके आहेत! पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून ताली, बंधारे बांधवून घ्यावेत; शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत; मेंढरांची पैदास सुधारावी; शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण मिळावे. आम्हा सरकारी नोकरांना ही भाषा परकी वाटू नये. ही टिप्पणी आहे: परिस्थिती, कारणे, पुरावा, शिफारस. हंटर आयोगापुढे १८८२ साली शिक्षणाविषयी निवेदन देणाऱ्या माणसाला सरकारपुढे म्हणणे कसे मांडावे लागते, हे पुरते ठाऊक होते. चौथे प्रकरण वाचून जो हळहळतो आणि पाचवे न वाचता पुस्तक मिटतो, त्याने दाखला घेतला आणि मुद्दा टाकला. त्यात लेखकाचा अपमान होतोच, परंतु अधिक गंभीर गोष्ट अशी, की ज्याच्यासाठी दाखला आणला होता त्या शेतकऱ्याची मागणी वाचकापर्यंत पोहोचत नाही.

६

याचा अर्थ प्रत्येक गद्याला हीच कसोटी लावावी, असा मात्र नव्हे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ हे १९५६ सालचे पुस्तक घ्यावे. बारा महिन्यांवरचे हे लेख काल्पनिक नाहीत. झाडे, फुले, पाखरे, आकाश यांचे निरीक्षण त्यांत इतके नेमके आहे, की वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकानेही ते जवळ ठेवावे. परंतु ‘चैत्राच्या लेखाचा मुख्य मुद्दा कोणता?’ असे विचारले, तर उत्तर ‘चैत्र’ एवढेच येईल. तेथे तपशील कोणत्याही विधानाची साक्ष देण्यासाठी हजर झालेला नसतो. पानाचा रंग हाच तेथे विषय असतो. अशा लेखनात मुद्दा शोधू जाणारा वाचक पोपटाच्या पिंजऱ्यात हिशेबाची वही शोधतो.

म्हणून मुद्दा कोणता हे विचारण्याआधी, हा लेखक काही सिद्ध करू पाहत आहे काय, हे विचारणे आवश्यक ठरते. करू पाहत असेल तर दाखल्यांची झडती घ्यावी. नसेल तर निमूटपणे त्याच्याबरोबर फिरावयास जावे. आपल्याकडे बहुधा उलट होते. आपण फुल्यांबरोबर फिरावयास जातो आणि दुर्गाबाईंची झडती घेतो.

७

वाङ्मयाची इतकी चर्चा केल्यावर कचेरीतील एक गोष्ट सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. ती माझ्याच चुकीची आहे.

काही वर्षांपूर्वी एका वेगळ्या ठिकाणी काम करीत असताना माझ्या टेबलावर एका विधवा बाईंचा अर्ज आला. पती खालच्या श्रेणीतले नोकर होते. अर्ज साडेतीन पानांचा, कोणाकडून तरी लिहवून घेतलेला. पतीचे दीर्घ आजारपण, औषधांचा खर्च, मुलाला नोकरी नसणे, घराचे छप्पर गळणे, दुकानदाराची उधारी, हे सारे त्यात क्रमाने होते. मी वाचला, आणि खोटे सांगत नाही, मला वाईट वाटले. टिप्पणीत मी लिहिले, की अर्जदार आर्थिक अडचणीत असून त्यांनी साहाय्याची विनंती केली आहे. सारांश म्हणून तो निर्दोष होता. शाळेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. प्रकरण कल्याणविषयक विभागाकडे गेले, तेथे काही महिने राहिले, आणि अशा साहाय्याची तरतूद नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर बाईंना धाडण्यात आले.

पुढे त्यांचा दुसरा अर्ज आला, तोही तितकाच लांब. आमचे विभागाधिकारी उत्तरेकडचे, अल्पभाषी गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही अर्ज मागवून घेतले, वाचले आणि मला हिंदीत एवढेच विचारले, ‘या बाई मागतात काय?’ मी पुन्हा वाचले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, आजारपण आणि छप्पर यांच्यामध्ये, एक वाक्य होते. निवृत्तिवेतनाच्या आदेशात त्यांचे नाव एका प्रकारे लिहिले होते आणि बँकेच्या पासबुकात दुसऱ्या. म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होत नव्हते. ते नाव दुरुस्त करून मिळावे. बस. साहाय्य त्यांनी कोठेच मागितले नव्हते. जे त्यांच्या हक्काचे होते, त्याच्या आड आलेली काना-मात्रा काढून टाका, एवढेच त्या म्हणत होत्या. बाकीची साडेतीन पाने त्या एका वाक्यासाठी होती. उशीर झाला तर काय होते, याचे ते दाखले होते. आणि उशीर तर मीच करून ठेविला होता.

दुरुस्ती झाली. थकबाकीही मिळाली. परंतु मधले महिने त्यांनी कसे काढले असतील, ते त्या साडेतीन पानांत आधीच लिहिलेले होते.

त्या दिवसापासून ‘उताऱ्याचा मुख्य विचार’ हा शब्दप्रयोग मला परीक्षेतला वाटेनासा झाला. मी अर्ज निष्काळजीपणे वाचला होता, असे नाही. मी तो सहानुभूतीने वाचला होता, आणि जे सर्वांत मोठ्याने बोलत होते त्यालाच मुद्दा समजलो होतो. ‘असूडा’तले शब्दचित्र पाहून हळहळणारा वाचक आणि मी, यांत फरक कोणता?

८

एकदा हे लक्षात आल्यावर मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरविले आहेत. पुस्तक असो की पत्र, ते विचारल्यावाचून मी पुढे जात नाही. पहिला: यातले कोणते वाक्य काढले असता बाकीच्यांना उभे राहण्याचे कारण उरणार नाही? दुसरा: प्रत्येक तपशील कशाची साक्ष देतो? तो माझ्या मनातल्या मुद्द्याची साक्ष देत नसेल, तर बहुधा तपशील चुकलेला नसतो, माझा मुद्दा चुकलेला असतो. तिसरा: लेखकाला माझ्याकडून काय हवे आहे? मी मान डोलवावी, की हळहळावे, की काही करावे? मीमांसकांनी फल म्हटले ते हेच असावे, असे मी माझ्यापुरते समजतो. हे प्रश्न विद्वत्तेचे नाहीत. विभागाधिकाऱ्यांनी मला विचारलेल्या चार शब्दांच्या प्रश्नातच ते तिन्ही सामावलेले आहेत.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक मराठी पुस्तके थोडी आणि मराठी वाक्ये पुष्कळ बाळगतो. बदलीच्या वेळी पुस्तकांचे खोके जड होते, वाक्यांचे होत नाही. त्यात दोष देण्यासारखे काही नाही. मीही तेच करीत आलो आहे. परंतु वाक्य बरोबर घेताना ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते, किंवा कोणत्या उत्तराआडचा प्रश्न होते, तेवढे तरी घेतले पाहिजे. येत्या आषाढीला मंडळात बोलण्याची पाळी माझ्यावर आली आहे. ‘वाटचाल’मधले ते प्रसिद्ध वाक्य मी सांगणारच आहे. मात्र त्याच्या आधी दिंडीतल्या बायका जेवायला कोठे आणि कोणाबरोबर बसल्या, ते सांगणार आहे. आणि मग टाळ्या पडतात की नाही, ते पाहणार आहे.